पगाराची पावती आणि गावाची महागाई

समाजशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न, "हा विषय नेमका कशाचा?" आणि दुसरा, पहिल्याचे उत्तर पुरे होण्याआधीच, "पगार किती मिळतो?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही बत्तीस वर्षे वर्गात देत आलो. दुसऱ्याचे उत्तर मात्र आम्हांला एकदाही धड देता आले नाही. एकदा तर ते देताना आम्ही चक्क लबाडी केली. ती गोष्ट पुढे येईलच.

आमच्या कपाटात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पगाराच्या दोन पावत्या जपून ठेवल्या आहेत. एक १९८८ सालची, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची. दुसरी १९९३ सालची, मुंबईच्या एका महाविद्यालयाची. पहिलीवर मूळ वेतन २,२०० रुपये आहे, दुसरीवर २,५७५. मधल्या पाच वर्षांच्या पंचाहत्तर-पंचाहत्तर रुपयांच्या पाच वेतनवाढी सोडल्या, तर दोन्ही पावत्या एकाच वेतनश्रेणीच्या आहेत. विद्यापीठ अनुदान मंडळाची ती श्रेणी साऱ्या देशासाठी ठरलेली होती. तेरणेच्या खोऱ्यातला अधिव्याख्याता आणि चर्चगेटचा अधिव्याख्याता कागदावर सख्खे भाऊ! परंतु त्या दोन पावत्यांवर आम्ही जी दोन आयुष्ये जगलो, त्यांचे एकमेकांशी फारसे नाते नाही.

तालुक्याच्या गावी आम्ही एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. भाडे दोनशे रुपये. ज्वारी वर्षाची एकदम पोत्याने येई. दूध घरासमोर म्हैस उभी करून काढून मिळे. भाजी सोमवारच्या बाजारात पिशवीभर घेतली तरी हातात सुटे पैसे उरत. गावातल्या मारवाड्याच्या दुकानी 'सरां'चे खाते होते आणि महिनाअखेरीस वहीत जो आकडा निघे, तो पाहून आम्हां वसईकरांना हसू येई. पहिल्या सहा महिन्यांतच आम्हांला आपण श्रीमंत झाल्याचा भास होऊ लागला. गावात आमच्याहून अधिक नियमित उत्पन्न असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती.

हा भास ओसरायला फार काळ लागला नाही. तिथे स्वस्त होते ते धान्य, दूध आणि डोक्यावरचे छप्पर. बाकी सारे दूर होते, आणि दूर असलेली वस्तू स्वस्त नसते. आईच्या औषधांसाठी दरमहा वसईला मनिऑर्डर जाई. सण, लग्न, बाप्तिस्मा, मयत या प्रत्येक निमित्ताने रात्रभराचा प्रवास घडे. महिन्यातून एका रविवारी मिस्सेसाठी सोलापूर गाठायचे म्हणजे एस.टी.ची दोन तिकिटे, बाहेरचे जेवण आणि अख्खा दिवस. पुस्तक हवे असले तर पुणे, आणि दातांचा बरा डॉक्टर हवा असला तरी पुणेच. आमच्या सौभाग्यवतींनी एका वहीत जमाखर्च लिहायला सुरुवात केली होती. वर्षाच्या शेवटी बेरीज केली तेव्हा उलगडा झाला, की किराण्यात वाचलेले पैसे प्रवासाने आणि टपालखात्याने नेले होते.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो. हा नियम आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत असू. त्या हिशेबाने तालुक्याच्या गावी आम्ही सुखवस्तू ठरत होतो, कारण अन्नाचा हिस्सा लहान होता. मात्र घरापासून दूर राहण्याला जी किंमत पडते, तिच्यासाठी एंगेलच्या तक्त्यात रकाना नव्हता.

आता थोडे या महागाईच्या शास्त्राविषयी. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी नोकरदार माणसे आहेत. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढल्याची बातमी आली की आपण सारे आनंदतो. तो ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. केंद्र सरकारचा श्रम विभाग देशातल्या ८८ केंद्रांतील ३१७ बाजारांतून भाव गोळा करतो, आणि २०१६ हे वर्ष शंभर धरून त्यांची सरासरी काढतो. या कामाची परंपरा आपल्या मुंबईत फार जुनी आहे. मुंबई सरकारने १९२१ साली 'लेबर ऑफिस' काढले आणि गिरणी कामगारांच्या घरोघरी जाऊन त्यांचा जमाखर्च लिहून घेतला. त्याचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली १९१९ साली सुरू झाला होता. म्हणजे आमचा विषय आणि महागाईचे मोजमाप ही दोन्ही भावंडे या शहरात जवळजवळ एकाच वेळी चालायला लागली.

या मोजमापात एक मेख आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. निर्देशांक चढण मोजतो, उंची मोजत नाही. २०१६ साली मुंबईचा आकडाही शंभर आणि सोलापूरचाही शंभर. पुढे एखाद्या वर्षी सोलापूरचा आकडा मुंबईहून वर गेला, तरी सोलापूर मुंबईपेक्षा महाग झाले असा त्याचा अर्थ होत नाही. तिथले भाव अधिक वेगाने चढले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय भत्त्यासाठी धरतात ती साऱ्या देशाची सरासरी. तेव्हा 'महागाई भत्ता' या नावात महागाई असली, तरी तुमच्या गावची महागाई त्यात नसते. अमेरिकेत श्रम खाते समाजशास्त्रज्ञांची वेगळी मोजदाद करते. साऱ्या देशात ते ३,००० च्या आसपास भरतात, आणि कोणत्या राज्यात त्यांना किती वेतन मिळते हेही छापले जाते. त्याच्या जोडीला प्रत्येक राज्याची भावपातळी देशाच्या सरासरीशी ताडून पाहणारे दुसरे सरकारी कोष्टक असते. त्यामुळे अमुक राज्यातला मोठा पगार खरोखर मोठा आहे की नुसता दिसायला मोठा आहे, हे तिथल्या माणसाला घरबसल्या कळते. आपल्याकडे हा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो, आणि बहुधा बदली होऊन गेल्यावर.

गावागावांतला फरक सरकार मानतच नाही असे मात्र नाही. तो फरक घरभाडे भत्त्यात मानला आहे. केंद्राच्या नियमांत शहरांचे तीन वर्ग आहेत. सातव्या वेतन आयोगाने त्यांना मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के भत्ता दिला. महागाई भत्ता जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांवर गेला तेव्हा हे दर ३०, २० आणि १० टक्के झाले. सहायक प्राध्यापकाचे आजचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्यावर पहिल्या वर्गातल्या शहरात १७,३१० रुपये घरभाडे मिळते, आणि तिसऱ्या वर्गातल्या गावी ५,७७०. म्हणजे मुंबईत राहणे आणि खेड्यात राहणे यांतला सारा फरक सरकारच्या मते महिन्याला ११,५४० रुपयांचा! मुंबईच्या उपनगरात एका खोलीचे भाडे आज काय आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आपल्या वसईकरांना तर यात विनोदही सापडेल. त्या केंद्रीय यादीत बृहन्मुंबईचा नागरी समूह पहिल्या वर्गात आहे, आणि मीरा-भाईंदर त्या समूहात मोडते. वसई-विरार दुसऱ्या वर्गात आहे. नायगाव आणि भाईंदर या दोन स्थानकांमध्ये खाडीवरचा पूल तेवढा आहे. परंतु पुलाच्या दक्षिणेला काम करणाऱ्याला ३० टक्के आणि उत्तरेला काम करणाऱ्याला २० टक्के. पाणी त्याच खाडीचे, मासळी त्याच खाडीची आणि गर्दीही त्याच गाडीची.

असो. १९९३ साली आईचे दुखणे बळावले आणि आम्ही परतलो. मुंबईतल्या महाविद्यालयात रुजू झालो आणि वसईच्या वडिलोपार्जित घरात राहू लागलो. वाटणीत आमच्याकडे दोन खोल्या आणि पडवी आली होती. विहिरीला पाणी होते, वाडीत केळी आणि थोडी भाजी होती. मुंबईच्या दराने घरभाडे भत्ता पगारात येऊ लागला, आणि भाडे आम्ही कोणालाच देत नव्हतो. नियमात बसत होते म्हणून घेतला. परंतु शेजारच्या टेबलावर बसणारे आमचे एक सहकारी नांदेडहून आले होते. वेतनश्रेणी तीच, विषय तोच. भाड्याची खोली, अकरा महिन्यांचा करार, तो संपला की नवे डिपॉझिट आणि दलालाची दलाली. तीन वर्षांत त्यांनी चार घरे बदलली. एकदा पगाराच्या दिवशी दोघांच्या पावत्या शेजारी-शेजारी पडल्या होत्या. आकडे जवळजवळ सारखे होते. ते हसून म्हणाले, "सर, आपला पगार सारखा आहे, पण तुमच्या आजोबांनी तुम्हांला दरमहा पगार ठेवलाय." त्या एका वाक्यात जेवढे समाजशास्त्र होते, तेवढे आमच्या वर्षभराच्या टिपणांत नव्हते. वेतन सरकार देते, पण ते पुरते की नाही, हे बऱ्याच अंशी आजोबा ठरवतात.

आता त्या लबाडीची गोष्ट.

तालुक्याच्या गावी असताना आम्ही ऊसतोड कामगारांचा एक अभ्यास हाती घेतला होता. दसरा उलटला की तिथल्या वस्त्या ओस पडत. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून कोयत्यामागे उचल घ्यायची, बैलगाडीत संसार भरायचा आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर सहा महिने कोपीत राहायचे. तोडणीचे पैसे टनामागे मिळत. फडावर पीठमीठ मात्र तिथल्या भावाने घ्यावे लागे. हंगामाच्या शेवटी उचल फिटली तर फिटली, नाही तर पुढच्या सालावर बाकी. अशा चाळीस कुटुंबांचा जमाखर्च आम्ही वह्यांत लिहून घेत होतो. उचल किती, सावकाराचे किती, आजारपणाला किती, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना किती.

एका संध्याकाळी एका वस्तीवर एक वृद्ध बाई आमच्या प्रश्नांना उत्तरे देत बसल्या होत्या. मुलगा आणि सून फडावर होती. तीन नातवंडे त्यांच्यापाशी. आम्ही ज्वारी, तेल, चहा, तंबाखू सारे विचारून लिहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आमचं समदं लिवून घेतलंत. आता तुमचा पगार किती, त्ये बी लिवा की त्यात."

भोवतालची माणसे हसली. आम्हीही हसलो. आणि मग आम्ही सांगितले, "दोन हजार." मूळ वेतन सांगितले, तेही वरचे दोनशे गाळून. महागाई भत्ता सांगितला नाही, घरभाडे सांगितले नाही. बाईंनी मान हलविली आणि म्हणाल्या, "म्हयन्याला?" त्या 'म्हयन्याला' या शब्दाने आमचे कान तापले. आम्ही लिहून घेतलेला त्यांच्या घराचा हंगामाचा हिशेब तेव्हा आमच्या मांडीवर उघडा होता.

आम्ही त्या वहीत आमचा पगार लिहिला नाही. वर्षभराने ते गाव सोडले. अभ्यास अर्धा राहिला. मुंबईत तो पुरा करू असे म्हणत होतो. परंतु ते लोक इथे नव्हते, आणि विरार लोकलने रोज तीन तास नेल्यावर उरलेल्या दिवसात उत्तरपत्रिका तेवढ्या मावत. सात वह्या पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि त्यांवर दोन पावत्या. मुंबईला परतण्याने आम्ही किती कमावले, हा हिशेब आम्ही बऱ्याचदा केला. त्या वह्या मात्र कधी खर्चाच्या बाजूला मांडल्या नाहीत.

हे सारे आता आठवण्याचे कारण आमची पुतणी. तिने आमचाच विषय घेतला. एम.ए. झाली, नेट झाली, पीएच.डी. झाली. सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले. शिकविलेल्या तासाचे पैसे मिळत, सुट्टीचे नाहीत. मग मुंबईत एका संशोधन प्रकल्पावर ठोक ७०,००० रुपयांची कंत्राटी जागा मिळाली. ती दरवर्षी नव्याने करायची. २०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात कायम जागेसाठी तिची निवड झाली. घरी नवरा, त्याची वसईतली नोकरी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. एका रविवारी दुपारी सारे आमच्या पडवीत जमले. "काका, तुम्ही दोन्ही पाहिलंय. तुम्हीच हिशेब करा," ती म्हणाली.

आम्ही कागद घेतला. मूळ वेतन ५७,७००, त्यावर ५० टक्के महागाई भत्ता २८,८५०, घरभाडे १० टक्क्यांनी ५,७७०. एकूण ९२,३२०. कपाती दोन्हीकडच्या बाजूला ठेवल्या. मग दुसरे बिऱ्हाड मांडले. तिथले भाडे ७,०००, वेगळे स्वयंपाकघर ६,०००, महिन्यातून दोनदा जाण्यायेण्याचे ५,०००, मुलाला सांभाळायला सासूबाईंच्या हाताखाली एका बाईचे ४,०००. वजा जाता उरले ७०,३२०. मुंबईतले ७०,०००. तफावत ३२० रुपयांची, म्हणजे आमच्या अंदाजातल्या चुकीहूनही लहान.

आमचे धाकटे बंधू म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. तीनशे वीस रुपयांसाठी कोणी लेकरू सोडून जातं का?"

नोकरीची कायमता त्या कागदावर नव्हती, तशी मुलाची रात्रही नव्हती. आम्हांला जे निवृत्तिवेतन आज घरबसल्या मिळते, ते १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुन्या नियमाने मिळत नाही, हेही त्यावर नव्हते. आम्ही काही बोलावे अशी सर्वांची अपेक्षा होती. आणि वाचकहो, आम्हांला आमच्याच मनाचा भरवसा वाटेना. तिने जावे असे आम्हांला फार वाटत होते. परंतु ते तिच्या हितासाठी वाटत होते, की आमच्या सात वह्या कोणीतरी परत त्या मातीत न्याव्यात म्हणून? आपले राहिलेले काम दुसऱ्याच्या संसारावर लादणारा सल्ला हा सल्ला नव्हे. म्हणून आम्ही एवढेच म्हणालो, की कागद संपला, आता ठरवायचे ते तुम्ही दोघांनी. बंधूंना ते पळपुटेपणाचे वाटले. तसे ते थोडे होतेही.

आठ दिवसांनी ती एकटी आली. "मी जातेय, काका," म्हणाली. नवऱ्याने वर्षभर पाहू म्हटले होते. मग जरा थांबून तिने विचारले, "त्या वह्या अजून आहेत ना?"

आम्ही तिला संध्याकाळी यायला सांगितले. पेटी उघडली. कागद पिवळा झाला होता, पण अक्षर शाबूत होते. त्या वृद्ध बाईंचे पान चौथ्या वहीत सापडले. त्यांच्या घरचा आकडा खाली बेरीज करून ठेवला होता आणि समोरचे पान कोरे होते. पेन घेऊन त्या कोऱ्या पानावर आम्ही १९८८ च्या पावतीवरून एकेक ओळ उतरवून काढली. मूळ वेतन २,२००. महागाई भत्ता. घरभाडे भत्ता. एकूण. खाली लिहिले, "विचारले असता दोन हजार सांगितले." त्याखाली वाड्याचे भाडे, ज्वारी, सोलापूरची तिकिटे आणि आईची मनिऑर्डरही लिहिली. ते सारे लिहून झाल्यावरही दोन पाने समोरासमोर ठेवली, तर कोणाचा हिशेब जमत होता आणि कोणाचा जमत नव्हता, याविषयी शंका राहत नव्हती. मग वह्या बांधून दिल्या.

ती आता तिथे आहे. वर्षभराचा वायदा होता, दुसरे वर्षही उलटून गेले. मुलगा वसईलाच शाळेत जातो आणि रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलतो. बोलणे संपल्यावर काही वेळ तो कोणाशी बोलत नाही, असे बंधू आम्हांला मुद्दाम सांगतात. त्यांचा आमच्यावरचा राग गेलेला नाही आणि त्यांचे सर्वस्वी चुकते असेही आम्हांला म्हणवत नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे आईबाप अजूनही दसऱ्यानंतर फडावर जातात. उचलीचे आकडे मोठे झाले, बैलगाडीच्या जागी पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर आला. उचल फिटण्याची चिंता मात्र तशीच आहे.

गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा आम्ही सहज विचारले, "तिथे तुला कोणी पगार विचारला का?"

"पहिल्याच आठवड्यात," ती म्हणाली. "एका विद्यार्थिनीच्या आजीने विचारलं."

"मग?"

"सगळा सांगितला, काका. महागाई भत्ता धरून."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मग आमच्या पोरीला नीट शिकवा."